खरं किती, रचलेलं किती: ‘भूमिका’ आणि हंसा वाडकर

मागच्या मार्गशीर्षात आमच्या गल्लीतली जिजी माझ्याकडे टीव्ही बघायला आली होती. तिच्या घरात ओसरीपर्यंत कापूस भरलेला, पाय ठेवायला जागा नव्हती. मी ‘भूमिका’ लावला होता. श्याम बेनेगलांचा, १९७७ सालचा, स्मिता पाटीलचा. मराठी नटी हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावर बेतलेला. जिजीला हिंदी समजतं, बोलते मात्र अहिराणीच. अर्ध्याहून जास्त सिनेमा होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

मग तो प्रसंग आला. उषा ही नावाजलेली नटी सगळं सोडून काळे नावाच्या एका श्रीमंत माणसाच्या वाड्यावर राहायला आली आहे. घर मोठं, मान आहे, खाण्यापिण्याची ददात नाही. एक दिवस ती घरातल्या लहान मुलाला घेऊन जवळच्या जत्रेला निघते, आणि तेव्हा तिला कळतं की या घरच्या बाईने बाहेर पडायचं नसतं. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. परवानगी नाही, एवढंच.

जिजी पुढे सरकून बसली. “जत्राले बी जाऊ देत नई?”

अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. जिजीचं सासर पात्रापासून दहा मिनिटांवर. लग्नानंतर पहिली काही वर्षं यात्रेचा गलका तिने माडीवर बसून ऐकला, हे तिने मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, “हाई समदं खरं शे का वं?”

या प्रश्नाला मी त्या रात्री नीट उत्तर देऊ शकले नाही. खऱ्या माणसाच्या आयुष्यावर सिनेमा निघतो तेव्हा ‘खरं’ म्हणजे नेमकं काय, हे आपण सहसा कुणाला उलगडून सांगत नाही. म्हणून हा लेख. जिजीला सांगितलं असतं तसंच सांगते.

पडद्यावर आपल्याला एक बाई दिसते, पण तिथे असतात चार. पहिली, जिने ते आयुष्य काढलं. ती १९२३ साली मुंबईत जन्मली, घरचं नाव रतन साळगावकर. दुसरी, हंसा वाडकर, म्हणजे रतनने पडद्यासाठी घेतलेलं नाव. १९३६ सालच्या ‘विजयाची लग्ने’मध्ये ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तेरा वर्षांची होती. आजच्या हिशोबाने आठवीतली मुलगी. पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये काम केलं, मग १९४१ मध्ये प्रभातच्या ‘संत सखू’त सखू झाली, १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’ आला, आणि १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. हा शेवटचा सिनेमा पुण्यात १३१ आठवडे चालला. ‘बुगडी माझी सांडली गं’ आपल्याकडे लग्नाच्या बँडपासून गॅदरिंगपर्यंत अजून वाजतं, ते गाणं याच सिनेमातलं. ते चित्रित झालं जयश्री गडकर यांच्यावर, पण सिनेमातली आई हंसाबाईंची.

तिसरी बाई पुस्तकातली. हंसाबाईंनी आपलं आयुष्य तोंडी सांगितलं, आणि ते शब्दांत बसवलं अरुण साधू यांनी, तेच पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे. आधी ते ‘माणूस’ साप्ताहिकात छापून आलं, मग १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने पुस्तक काढलं. नाव तिच्याच गाजलेल्या सिनेमाचं, ‘सांगत्ये ऐका’. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७१ मध्ये, त्या गेल्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

आणि चौथी, सिनेमातली उषा. गिरीश कर्नाड, सत्यदेव दुबे आणि बेनेगल या तिघांनी मिळून लिहिलेली.

आता एक साधी गोष्ट बघा. आपण आपल्याच लग्नाची हकिगत सांगतो तेव्हा काही गाळतो, काही पुढेमागे करतो, दुखलेलं कधी झाकतो तर कधी जास्त दाखवतो. हंसाबाईंनी सांगताना हे झालंच असणार. ऐकणाऱ्याने लिहिताना पुन्हा निवड केली, कारण बोलणं जसंच्या तसं कागदावर आणलं तर वाचवत नाही. आपल्याकडे याला ‘शब्दांकन’ म्हणतात, आणि तो शब्द आपण फार सहज वापरतो. खरं तर शब्दांकन करणारा माणूस कुठे प्रश्न विचारायचा आणि कुठे गप्प बसायचं हे ठरवतो, आणि आठवणीचा आकार त्यानेही बदलतो. मग पुस्तकातून पटकथा होताना पुन्हा गाळणी लागली. पडद्यावरचं आयुष्य असं तीनदा गाळून आलेलं असतं. ते खोटं नाही. पण ‘जसं घडलं तसं’ही नाही.

बेनेगलांनी इथे एक प्रामाणिक गोष्ट केली. त्यांनी नायिकेचं नाव हंसा ठेवलं नाही. उषा ठेवलं, पडद्यावरचं नाव उर्वशी. नवऱ्याचा केशव दळवी झाला. नावं बदलली की बघणाऱ्याला सूचना मिळते: आधार खरा आहे, रचना आमची आहे. नाव तेच ठेवून आतला मजकूर मनाचा घालणारे चरित्रपट मला म्हणूनच जास्त खटकतात.

दोन-अडीच तासांत पस्तीस-चाळीस वर्षं कशी बसवायची, हा पटकथाकाराचा खरा पेच. त्याच्या हातातली हत्यारं मोजकी असतात. तीन-चार माणसांचं मिळून एकच पात्र करायचं. मधली वर्षं उडवायची. आणि काळ सरळ न सांगता मागेपुढे करायचा. ‘भूमिका’त उषाचं बालपण आणि सुरुवातीचे दिवस काळ्या-पांढऱ्यात येतात, आत्ताचं आयुष्य रंगीत. सुरुवातच बघा: एक बाई ठसक्यात नाचतेय, आपल्याला वाटतं हा खेळ चाललाय, आणि मग कळतं की हे शूटिंग आहे, सगळं थांबवता येतं, पुन्हा करता येतं. तिथून ती घरी जाते, आणि घरातलं भांडण थांबवता येत नाही. दिग्दर्शकाने पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलं की या बाईच्या दोन जागा आहेत आणि दोन्हीकडे दुसऱ्याने लिहिलेलं काम तिला करायचं आहे. सिनेमाचं नाव ‘भूमिका’ का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जिजीने मात्र याहून पुढचं पकडलं. केशव दळवी (अमोल पालेकरांनी हा माणूस इतका गोड आवाजात उभा केलाय की राग यायला वेळ लागतो) उषाला लहानपणी मुंबईला आणतो, स्टुडिओत गाण्यासाठी उभी करतो, पुढे तिच्याशी लग्न करतो आणि मग तिचा मॅनेजर होतो. करार तो बघतो, पैसे तो घेतो, कुणाबरोबर काम करायचं तो ठरवतो, आणि वर तिच्यावर संशयही घेतो. जिजी म्हणाली, “पैसा ती कमावस, हिशोब तो ठेवस.”

या एका वाक्यापाशी थांबायला हवं. ‘वादळी आयुष्याची नटी’, ‘वादग्रस्त नटी’ असं आपण म्हणतो तेव्हा वादळ तिच्या स्वभावात होतं असं धरून चालतो. दारू, भांडणं, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे. हंसाबाईंनी दारूबद्दल पुस्तकात आडपडदा ठेवलेला नाही, तेव्हा ते लपवण्याचं कारण नाही. पण त्याआधीची पानं बघितली तर वादळ कुठून आलं ते दिसतं. तेरा वर्षांची मुलगी कामाला जुंपली गेली, कारण घर तिच्यावर चालणार होतं. त्या काळी प्रभात काय, बॉम्बे टॉकीज काय, कलाकार महिन्याच्या पगारावर नोकर असायचे. पगार ठरलेला, वेळ ठरलेली. गिरणी कामगारापेक्षा पगार मोठा, पण नोकरीच. आणि तो पगार बाईच्या हातात राहील याची कायद्यातही हमी नव्हती.

हे थोडं समजून घेऊ, कारण सिनेमा ते सांगत नाही. जुन्या हिंदू कायद्यात स्त्रीधनाची कल्पना होती. माहेरहून आलेलं, लग्नात मिळालेलं धन तिचं. पण लग्नानंतर बाईने आपल्या कलेवर किंवा कारागिरीवर जे कमावलं, त्यावर नवऱ्याचा ताबा, असं कात्यायन स्मृतीत आहे आणि इंग्रजांच्या कोर्टांनीही स्मृतींवरूनच निवाडे केले. बापाने दिलेलं डोरलं तिचं, आणि रात्र रात्र शूटिंग करून मिळवलेला रुपया त्याच्या ताब्यात. हिंदू बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची, हे कायद्याने स्पष्ट झालं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने. तोवर हंसाबाईंना काम करायला लागून वीस वर्षं होऊन गेली होती. घटस्फोटाचंही तसंच. मुंबई प्रांतात, म्हणजे आपल्या खानदेशातही, हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट मागता येऊ लागला तो १९४७ मध्ये. त्याआधी काही जातींत काडीमोडीची चाल होती तेवढीच वाट. अशा वेळी नवऱ्याचं घर असह्य झालेल्या बाईपुढे काय उरतं? दुसऱ्या पुरुषाचं घर. सिनेमात उषा राजन या सहनटाकडे बघते, सुनील वर्मा नावाच्या दिग्दर्शकाबरोबर मरायचा बेत करते, काळेच्या वाड्यावर जाते. बघणाऱ्याला वाटतं, ही बाई एका जागी टिकत का नाही. पण तिच्या नावावर एक खोलीसुद्धा नाही, हे ध्यानात ठेवून सिनेमा पुन्हा बघा. सगळा वेगळा दिसतो.

काळेच्या वाड्यातली अंथरुणाला खिळलेली पहिली बायको उषाला निरोप देताना जे सांगते ते या सिनेमातलं सगळ्यात लक्षात राहणारं बोलणं. बिछाने बदलतात, स्वयंपाकघरं बदलतात, पुरुष काही बदलत नाहीत, अशा अर्थाचं. ते पलंगावरून सांगितलेलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या बाईला उठताही येत नाही, आणि घरात सगळ्यात स्वच्छ तिलाच दिसतंय. हंसाबाईंच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या एका घरी अशीच आणखी एक बायको म्हणून राहिल्याची हकिगत आहे. सिनेमाने त्यातून काळे रचला, अमरीश पुरींना दिला, आणि जत्रेचा प्रसंग ठेवला. तिथून सुटायला उषाला अखेर ज्या केशवपासून ती पळाली त्याच केशवला बोलवावं लागतं. तो पोलीस घेऊन येतो. सुटका करणाराही तोच.

मला यात नेहमी ‘संत सखू’ आठवतो. सखूची गोष्ट आपल्याकडे कीर्तनात ऐकून सगळ्यांना पाठ आहे. सासूने खांबाला बांधून ठेवलं, पंढरीला जाऊ देईनात, तेव्हा विठ्ठल स्वतः सखू होऊन त्या जागी उभा राहिला आणि सखू वारीला गेली. अठरा वर्षांच्या हंसाबाई ती सखू झाल्या होत्या. गावोगावच्या बायकांनी तिच्यात संत पाहिली असेल. तिच्या जागी उभं राहायला मात्र कुणी आलं नाही.

आता कायद्याचा दुसरा प्रश्न, जो मला कॉलेजची मुलं नेहमी विचारतात: कुणाच्याही आयुष्यावर सिनेमा काढता येतो का? थोडक्यात उत्तर असं. पुस्तकावरून काढायचा तर पुस्तकाच्या हक्कधारकाची परवानगी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची साठ वर्षं आपल्याकडे हा हक्क टिकतो. पुस्तक नसेल, नुसतं आयुष्य असेल, तर १९९४ चा सर्वोच्च न्यायालयाचा राजगोपाल खटल्यातला निकाल पायाभूत मानतात. एका तमिळ मासिकाला तुरुंगातल्या कैद्याचं आत्मचरित्र छापायचं होतं, त्यावरून तो खटला झाला. कोर्ट म्हणालं की माणसाचं खाजगी आयुष्य त्याच्या संमतीशिवाय छापता येत नाही, पण जे सरकारी किंवा कोर्टाच्या नोंदीत आधीच उघड आहे त्यावर लिहिता येतं. म्हणून निर्माते सावध असतात आणि सुरुवातीला पाटी टाकतात की पात्रं काल्पनिक आहेत. ती पाटी वकिलासाठी असते. आपण तिच्यावरून खरं-खोटं ठरवू नये.

पाटी असो नसो, सिनेमाने एकदा दाखवलं की ते लोकांच्या मनात घट्ट बसतं. फ्रान्सेस फार्मर ही अमेरिकन नटी. तिला मनोरुग्णालयात डांबलं गेलं, हे खरं. १९८२ साली तिच्यावर सिनेमा निघाला, जेसिका लँगने तिचं काम फार जीव ओतून केलं, आणि त्यात असं दाखवलं की डॉक्टरांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून तिला थंड करून टाकलं. ही शस्त्रक्रिया झाल्याची कसलीही नोंद रुग्णालयात नाही. तो भाग आधीच्या एका पुस्तकातून लोकांत पसरला होता, आणि त्या पुस्तकाच्या लेखकानेच पुढे कोर्टकचेरीत कबूल केलं की त्याने काही मजकूर रचलेला होता. तरी आजही फ्रान्सेसचं नाव निघालं की लोक आधी त्या शस्त्रक्रियेबद्दल बोलतात. तिच्यावर जे खरोखर गुदरलं ते कमी होतं का? खऱ्या दुःखावर खोटं दुःख चढवलं की खरं झाकलं जातं. फ्रान्सेस १९७० मध्ये गेली, तेव्हा तिला हे खोडूनही काढता आलं नाही.

‘भूमिका’ला मी मानते ते याच कारणाने. या सिनेमात उषाला वेडी दाखवलेली नाही, बिचारीही दाखवलेली नाही. ती चुकते, चिडते, खोटं बोलते, मुलीपासून लांब राहते. शेवटी मुलगी आपल्याबरोबर राहायला बोलावते तरी ती जात नाही. ती एकटी खोलीत आहे आणि फोन वाजतो, इथे सिनेमा आपल्याला सोडतो. खऱ्या हंसाबाईंचं आयुष्य त्यापुढेही चाललं. ते सिनेमात नाही. नसलं तरी मला चालतं, कारण सिनेमाने तिच्या आयुष्याला दुसऱ्याच्या सोयीचा शेवट चिकटवला नाही.

आणि स्मिता. तिच्याबद्दल आपल्याकडे हक्काने बोलतात, कारण ती शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी. जन्म पुण्याचा, १९५५ चा, पण धुळे-शिरपूरकडची माणसं तिला आपलीच धरतात, आणि मीही धरते. दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी ही मुलगी ‘भूमिका’च्या वेळी एकवीस-बावीस वर्षांची होती. तिला शाळकरी वयाच्या मुलीपासून थकलेल्या बाईपर्यंत सगळं करायचं होतं. तिने ते चालण्यातून केलं. लक्ष देऊन बघा: सुरुवातीची उषा दारातून आत येते ती धावत येते, आणि नंतरची उषा उंबऱ्यात क्षणभर थांबते, आत काय वाढून ठेवलंय याचा अंदाज घेते. या कामासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. ३१ व्या वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, बाळंतपणानंतर पंधरवड्यात ती गेली. तेव्हापासून तिच्या आयुष्यावरही लोक गोष्टी रचत असतात. मी त्या इथे लिहीत नाही. तिने स्वतः बसून, हंसाबाईंसारखं, ‘सांगत्ये ऐका’ म्हटलेलं नाही.

पुस्तकाचं महत्त्व मला तिथे कळतं. उभं आयुष्य हिशोब दुसऱ्याने ठेवला, आणि शेवटच्या वर्षांत बाईने तो स्वतः मांडला. त्यात चुका असतील, विसर असेल, थोडं जास्त-कमी असेल. पण वही तिची. सिनेमा चांगला असला तरी ती वही वाचल्याशिवाय त्याच्यावरून हंसाबाईंबद्दल मत बनवू नये, हे मी आता विद्यार्थ्यांना सांगते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांनाही ती उपलब्ध आहे. २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद आला. जसबीर जैन यांच्याबरोबर तो केला शोभा शिंदे यांनी, आपल्या जळगावच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवलेल्या.

जिजीला दोन दिवसांनी मी मराठी प्रत नेऊन दिली. ती तूर निवडत बसली होती. तिला मोठी ठसठशीत अक्षरं तेवढी लागतात, पुस्तकाची बारीक लागत नाहीत. म्हणून संध्याकाळी भाकरी थापायच्या आधी मी जाते आणि चार-पाच पानं वाचून दाखवते. मधेच ती हात वर करते, म्हणजे थांबायचं. मग ती काही बोलत नाही, सुपातले खडे वेचत राहते, आणि थोड्या वेळाने म्हणते, “वाच.” काल तिने एक पान दोनदा वाचायला लावलं. कुठलं, ते तिने कुणाला सांगू नको म्हटलंय.